दुसऱ्या ओळीनंतरची जागा

क्लेमंट ऑग्डनचा वरचा पुढचा दात फेब्रुवारीत हलायला लागला आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्याने ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? त्याच्या बायकोला, हिल्डाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. इंग्लंडमधल्या मोरकंबच्या किनाऱ्यामागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत आता तो, त्याचं ट्रम्पेट आणि एक रेडिओ एवढेच राहत होते. रेडिओवरच्या माणसाला उत्तर द्यायची सवय त्याने अलीकडे मुद्दाम मोडली होती, कारण एकदा शेजारणीने जिन्यात विचारलं होतं, "पाहुणे आलेत वाटतं, मिस्टर ऑग्डन?"

ट्रम्पेटचं सगळं ओझं ओठावर आणि ओठाचं सगळं ओझं वरच्या दोन दातांवर. त्यातला एक गेला की पन्नास वर्षांचा सूर त्याच्याबरोबर बाहेर पडतो. दाताचा डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "आत पू झालाय. या सोमवारी काढून टाकू. थांबलात तर शेजारचाही जाईल."

"आणि वाजवायचं?"

"कवळी बसवू की. नेटाने सराव केलात तर दोनेक वर्षांत ओठ नव्याने बसेल."

क्लेम एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने टोपी घातली, आभार मानले आणि बाहेर येऊन किनाऱ्यावरच्या बाकावर बसून राहिला. ओहोटी होती. तो दिवस गुरुवार होता, म्हणजे हातात एकच रविवार उरला होता.

रविवार हा क्लेमच्या आठवड्यातला एकमेव दिवस होता म्हटलं तरी चालेल. बाकीचे सहा नुसते कॅलेंडर भरायला होते. रविवारी दुपारी बारा ते दोन, 'मर्मेड' पबच्या मागच्या खोलीत 'क्लेम ऑग्डन आणि क्वेसाइड जॅझमेन' वाजवायचे. एकोणपन्नास सालापासून. त्या काळी क्लेम आणि सिरिल हॉवर्थ हे दोघं जण एका कोळशाच्या तळघरात ग्रामोफोन ठेवून, न्यू ऑर्लिन्सच्या विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्या वादकांच्या जुन्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकायचे. तबकडीवर बोट टेकवून ती हळू करायची, एकेक सूर टिपायचा. जग पुढे चाललं होतं, आणि ही पोरं हट्टाने चाळीस वर्षं मागे निघाली होती. जुनं तेच खरं, मधलं सगळं नाचगाण्याच्या धंद्याने बाटवलेलं, हा त्यांचा धर्म. आणि बाटग्यांमध्ये सगळ्यात मोठा बाटगा कोण? तर सॅक्सोफोन. तो त्या पहिल्या बँडांमध्ये नव्हता, म्हणून यांच्यातही नाही. विषय संपला.

या जुन्या वाजवण्यात ट्रम्पेटवाला धून सरळ धरतो. नखरा करत नाही. ओळ म्हणतो आणि थांबतो, जागा सोडतो. त्या जागेत वरून क्लॅरिनेट उतरते. क्लेम दुसऱ्या ओळीनंतर इतरांपेक्षा जरा जास्तच जागा सोडायचा, कारण सिरिल तिथे जे काही करायचा ते करायला तेवढी जागा लागायची. दर खेपेला निराळं करायचा आणि दर खेपेला वाटायचं, हेच तर म्हणायचं होतं. क्लेमला आयुष्यात आणखी कुणी इतकं नेमकं उत्तर दिलं नाही. हिल्डानेसुद्धा नाही, आणि हे तिला ठाऊक होतं.

अकरा वर्षं असं चाललं. मग साठ साली सिरिलची क्लॅरिनेट अचानक किंचाळायला लागली. भरलेल्या सुरात मधूनच शिट्टी फुटायची. सिरिल सुतारकामाच्या कारखान्यात होता, त्या हिवाळ्यात करवतीने हाताला लागलं होतं, पण पट्टी सुटून दोन महिने झाले होते. क्लेमने विचारलं तेव्हा "बरी आहेत बोटं" म्हणाला होता. मग शिट्टी का? क्लेमने निदान केलं, सराव नाही, आळस. चारचौघांत दोनदा बोललाही. आणि एका रविवारी सिरिल आला तो एक मोठी, वेगळीच पेटी घेऊन. उघडली, तर आत सॅक्सोफोन, पितळी, नळासारखा वाकलेला.

खोली भरलेली होती. क्लेमने ट्रम्पेट खाली घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नळाचं दुकान रस्त्यापलीकडे आहे, सिरिल. इथे बिअर मिळते."

खोली हसून हसून लोळली. सिरिलने पेटी बंद केली, कोट घातला, गेला. पुढे त्याने उन्हाळी सुट्टीच्या छावण्यांमध्ये नाचाच्या बँडात वाजवलं म्हणे. क्लेमने मात्र तो किस्सा जपून ठेवला. एकतीस वर्षं, दर रविवारी, मध्यंतरानंतर, तोच किस्सा त्याच शब्दांत. लोक आधीच हसायला तयार बसायचे. नाव तो कधी घेत नसे, "एक गृहस्थ" म्हणायचा. किस्सा वाढत गेला, खोली ओसरत गेली. आता वीसेक माणसं यायची, त्यातल्या निम्म्यांची कानातली यंत्रं शिट्टी घालायची.

क्लॅरिनेटवर सिरिलनंतर सहा जण होऊन गेले. सध्याचा मॉरिस हा निवृत्त भूगोल-मास्तर होता. माणूस लाखात एक, पण जागा दिसली की सामान टाकून मोकळा व्हायचा. क्लेम तरीही दुसऱ्या ओळीनंतर तेवढीच जागा सोडत राहिला. मॉरिस ती भरायचा आणि क्लेम डोळे मिटून दुसरंच काही आठवायचा.

शुक्रवारी सकाळी क्लेमने चांगला शर्ट घातला आणि कार्नफर्थची बस पकडली.

दार सिरिलच्या बायकोने उघडलं. एडनाने त्याच्याकडे टोपीपासून बुटांपर्यंत पाहून घेतलं.

"एकतीस वर्षं लागली होय रस्ता सापडायला? बस तर दर अर्ध्या तासाला आहे."

"कशी आहेस, एडना?"

"मी? मी मजेत. पाय पूस नीट, आताच पुसलीय फरशी."

सिरिल खिडकीशी बसला होता. बारीक झाला होता, पण मान तीच, जरा डावीकडे कललेली. दोघांनी हात मिळवले आणि हवेबद्दल बोलले. मग बसच्या भाड्याबद्दल. मग समुद्राकाठचं जुनं नाचघर पाडलं त्याबद्दल. क्लेम ताकाला जाऊन भांडं लपवत होता आणि सिरिल त्याला खुशाल लपवू देत होता. शेवटी एडनाच बोलली, "हा नाचघराबद्दल बोलायला दहा मैल आलेला नाही, सिरिल."

"दात चाललाय माझा," क्लेम म्हणाला. "पुढचा. सोमवारी काढणार."

सिरिलने कप खाली ठेवला. या घरात त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता.

"म्हणजे परवाचा शेवटचा."

"परवाचा शेवटचा. म्हटलं, तू आलास तर... एकदा. शेवटची तेवढी दोन-तीन गाणी. क्लॅरिनेट घेऊन ये."

"क्लॅरिनेट विकली रे केव्हाच."

"मी आणतो कुणाची तरी."

"सॅक्स आहे माझ्याकडे," सिरिल शांतपणे म्हणाला. "रोज वाजवतो. ती जुनी सगळी गाणी वाजवतो त्याच्यावर. वाईट लागत नाहीत."

क्लेमने चहाच्या कपात बघितलं. हो म्हणायला जीभ उचलावी लागली असती, तेवढंच. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. त्या खोलीत, त्या वीस माणसांसमोर, दर रविवारच्या त्या किश्श्यानंतर? मग एकतीस वर्षं तो कशासाठी उभा होता तिथे?

"तुला माझा नियम माहीत आहे, सिरिल."

"माझ्याइतका कुणाला माहीत आहे?"

"अरे, सांग की त्याला!" एडना ताडकन म्हणाली. "तुझी बोटं—"

"एडना, चहा गार झालाय. दुसरा टाक."

ती उठली, पण किटली अशी आपटली की भिंतीवरची बशी हलली. क्लेमने तिकडे लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्यांची बोटं आखडतातच, त्याचीही आखडत होती. निघताना सिरिल दारापर्यंत आला.

"येशील?" क्लेमने विचारलं.

"बघू," सिरिल म्हणाला.

शनिवारी क्लेमने नेहमीसारखी, पिठाच्या पारीत भाजलेली मटण-बटाट्याची पाई आणली. दुकानात दोघांपुरतीच मिळते, म्हणून अर्धी दुपारी आणि अर्धी संध्याकाळी. मग कपाट उघडून त्यात तोंड घालून सराव केला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो हिल्डाच्या कोटांमध्ये वाजवायचा. तिचे कोट त्याने कुणाला दिले नव्हते. विचारलं तर सांगायचा, आवाज चांगला शोषतात. दात ठणकत होता. वरचा सूर लागला, पण तिथे थांबवेना. तो कोटांमध्येच जरा वेळ उभा राहिला. मग कपाट लावलं आणि मॉरिसला फोन केला, "तुझी दुसरी क्लॅरिनेट उद्या आण. आणि तिच्या तोंडाला नवी पत्ती लावून आण."

"कुणासाठी?" मॉरिसने विचारलं.

"ज्याची आहे त्याच्यासाठी," क्लेम म्हणाला. मॉरिसला काही कळलं नाही, पण पंधरा वर्षांत त्याला या माणसाचा स्वभाव कळला होता, म्हणून तो "बरं, आणतो" म्हणाला.

रविवारी क्लेमने आपल्या उजव्या हाताला एक रिकामी खुर्ची मांडली आणि तिच्यावर क्लॅरिनेट ठेवली. पबची मालकीण जॉयस खुर्ची उचलायला आली, तर खेकसला, "राहू दे!"

"बरं बाबा, राहू दे. खुर्चीचंही तिकीट काढलंयस का?"

बारा वाजले. सव्वाबारा झाले. तिसऱ्या गाण्याच्या मधे दार उघडलं आणि सिरिल आत आला. अंगावर करडा कोट, गळ्यात बँडचा जुना निळा टाय. हातात काही नव्हतं. क्लेमने पहिल्यांदा हात पाहिले आणि, खरं सांगायचं तर, त्याच्या जिवात जीव आला. पेटी नाही. म्हणजे सिरिलने ऐकलं. म्हणजे हा खुर्चीवरची घेणार.

सिरिल दाराजवळच्या टेबलापाशी अर्धा ग्लास बिअर घेऊन बसला. त्यांच्यात रीत अशी की पाहुणा आपणहून कधी उठत नाही. बँडप्रमुख बोलावतो तेव्हा उठायचं, आणि बोलावणं मध्यंतरानंतर. क्लेमने रीत मोडली नाही. दातातली कळ डोळ्यापर्यंत जात होती, तरी त्याने पहिला तास निभावून नेला.

मध्यंतर संपलं. क्लेम पुढे आला तसा पुढच्या टेबलावरून कुणी तरी ओरडलं, "नळवाल्याचा होऊ दे, क्लेम!"

"आज नको," क्लेम म्हणाला.

"आज नको म्हणजे? पैसे परत करा!" लोक टेबलं वाजवायला लागले. त्यांना काय माहीत! त्यांच्या दृष्टीने तो किस्सा कार्यक्रमातलं एक गाणंच होतं.

"सांग की," दाराजवळून आवाज आला. सिरिल होता. "मी कधी ऐकलाच नाही तो."

क्लेमने सांगितला. दुसरं काही सुचेना म्हणून सांगितला, त्याच शब्दांत, कारण तोंडाला तेच शब्द ठाऊक होते. "एक गृहस्थ" म्हणताना त्याने दाराकडे पाहिलं नाही. लोक ठरल्या जागी हसले. सिरिलही हसला, मान कलती ठेवून. क्लेमला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण ट्रम्पेटसकट आत जावं.

"आज एक पाहुणे आहेत," तो घाईघाईने म्हणाला. "या बँडचा पहिला क्लॅरिनेटवाला. सिरिल हॉवर्थ. ये रे, तुझी खुर्ची."

टाळ्या पडल्या. सिरिल उठला नाही. त्याने मान हलवून नको म्हटलं. पण लोक ऐकेनात, कुणी कोपर धरलं, कुणी पाठीवर हात ठेवला, आणि म्हाताऱ्याला जवळजवळ उचलूनच पुढे आणलं. तो खुर्चीपाशी आला. क्लॅरिनेट हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"छान आहे," तो मॉरिसला म्हणाला. "पण क्लेम, मी ऐकायला आलो होतो."

"एकच गाणं. आपलं ते चर्चचं संथ भजन. तुला कळेल कुठे यायचं."

क्लेमने पायाने ठेका दिला. बँजो, ड्रम, ट्रॉम्बोन सुरू झाले. पहिली ओळ. दुसरी ओळ. क्लेमने ट्रम्पेट ओठावरून अर्धा इंच दूर घेतलं आणि जागा सोडली.

क्लॅरिनेट किंचाळली. तीच शिट्टी, साठ सालातली. सिरिलने बोटं उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा शिट्टी. लोक प्रेमाने हसले, कुणी म्हणालं, "सवय गेली हो!" पण क्लेम या वेळी त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हता, शेजारी उभा होता म्हणून त्याच्या डाव्या हाताकडे पाहत होता. मधली दोन बोटं लाकडावर भोकं शोधत होती आणि त्यांना सापडत नव्हती. भोकाच्या शेजारी टेकायची आणि तिथेच विश्वासाने दाबून बसायची. टोकं पांढरी, गुळगुळीत, मेणासारखी. त्यांना काही लागतच नव्हतं.

क्लेमने हात वर करून बँड थांबवला. तो त्याच्याजवळ वाकला.

"कधीपासून?"

"करवतीपासून."

"तू म्हणाला होतास, बरी झाली."

"जखम बरी झाली होती."

क्लॅरिनेटची भोकं बोटांच्या टोकांनी झाकावी लागतात. सॅक्सोफोनला झाकणं असतात. बधिर बोटाने दाबलं तरी झाकण बसतं. हे क्लेमला अठराव्या वर्षापासून माहीत होतं. पण त्या वर्षीची करवत, शिट्टी आणि ती मोठी पेटी या तीन माहीत असलेल्या गोष्टी त्याने एकतीस वर्षांत एकदाही एकीशेजारी एक मांडून पाहिल्या नव्हत्या. सिरिल त्याला सोडून चालला नव्हता. सिरिल त्याच्याबरोबर राहायला आला होता, जमेल त्या वाद्यानिशी.

"सांगितलं का नाहीस, लेका?" क्लेमने विचारलं.

"सांगणारच होतो त्या दिवशी," सिरिल म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. "तू आधी नळाच्या दुकानाचं सांगितलंस."

क्लेम सरळ उभा राहिला आणि त्या वीस माणसांसमोर, त्या टेबलं वाजवणाऱ्यांसमोर, मोठ्याने म्हणाला, "सिरिल, तुझा सॅक्सोफोन आण. इथे वाजव. माझ्या बँडमध्ये."

ज्या शब्दांसाठी शुक्रवारी जीभ उचलली नव्हती ते शब्द किती सोपे निघाले.

सिरिलने क्लॅरिनेट अलगद मॉरिसच्या हातात दिली.

"घरी आहे," तो म्हणाला.

"घरी?"

"पेटी भरली होती सकाळी. दारापर्यंत आणलीही. एडना म्हणाली, नेच. पण म्हटलं, त्याचा शेवटचा दिवस आहे, त्याचा नियम आहे. ठेवून आलो."

क्लेमने घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन. कार्नफर्थला जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, आणि त्याच्या ओठाखाली आता रक्ताची चव येत होती. ट्रॉम्बोनवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी आणतील की ते!" मॉरिसने त्याच्या पायावर पाय दिला. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हे.

"बस तू," क्लेम म्हणाला. "तिथेच बस."

सिरिल खुर्चीवर बसला, रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून. क्लेमने पुन्हा तेच भजन उचललं. दात आत हलत होता, प्रत्येक सुराला डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते दातामुळेच येतंय असं लोकांना वाटलं तर वाटू दे, असं त्याने ठरवलं. पहिली ओळ सरळ. दुसरी ओळ सरळ. मग जागा.

मॉरिसने सवयीने क्लॅरिनेट ओठाला लावली होती. त्याने ती खाली घेतली. भूगोल-मास्तराने आयुष्यात पहिल्यांदाच एक रिकामी जागा रिकामी राहू दिली.

बँजो आणि ड्रम तेवढे चालू राहिले. क्लेमने खाली पाहिलं. सिरिलची दहाही बोटं गुडघ्यांवर चालत होती, भराभर, नेमकी. ती क्लॅरिनेटची बोटं नव्हती. सॅक्सोफोनची होती. मान डावीकडे कलली होती आणि गाल किंचित भरले होते. तो उत्तर देत होता. क्लेम सगळा कान होऊन ऐकत राहिला, पण कापडावर बोटांचा आवाज होत नाही.

तिसरी ओळ आली तशी त्याने ट्रम्पेट उचललं. भजनाच्या सहा फेऱ्या झाल्या, आणि सहाही फेऱ्यांना दुसऱ्या ओळीनंतर त्याने तेवढीच जागा सोडली.